पिवळी आणि लाल वायर एकच नव्हे

गाडीत बाहेरून घेतलेला स्टीरिओ बसवताना पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडली तरी चालते, हा समज यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत वर्षानुवर्षे टिकून आहे. गाणे लगेच वाजते, म्हणून तो खरा वाटतो. पण तो चुकीचा आहे.

बाजारातील बहुतेक स्टीरिओंमध्ये पिवळ्या वायरीला कायम १२ व्होल्ट लागतात, कारण घड्याळ आणि जुळवलेली रेडिओ केंद्रे तिच्यावर टिकतात, तर लाल वायर चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या तारेला जोडायची असते आणि सेट चालू-बंद होण्याचा इशारा तिच्यातूनच मिळतो. दोन्ही एकत्र बॅटरीला जोडल्या, तर चावी काढल्याचे सेटला कळतच नाही. समजा, तो अर्धा अँपिअर ओढत राहिला, तर ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरवणारी, भरलेली बॅटरीही साधारण ७० तासांत रिकामी होईल. कापूस वेचणीच्या धांदलीत गाडी तीन दिवस गोठ्याशेजारी उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता कटकट करतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो. दोन्ही वायरी चावीच्या तारेला जोडल्या, तर बॅटरी वाचते, पण घड्याळ रोज नव्याने लावावे लागते.

जुन्या गाडीतील तारांच्या रंगांवर मात्र मुळीच विसंबू नये. चावी बंद आणि चालू करून प्रत्येक तार मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजणाऱ्या उपकरणाने, तपासावी, आणि पिवळ्या वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज अवश्य बसवावा.