एक शिट्टी आणि दहा खेळाडू

शालेय बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की विदर्भातल्या गावाकडच्या संघांची एक तक्रार ठरलेली असते: पंचांनी मॅच हातची घालवली. कोपर लागलं, जर्सी ओढली, मग दोन शाळांची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. खापर फुटतं ते शिट्टी फुंकणाऱ्या पीटीच्या सरांवर. सर ढिले होते म्हणे. असतीलही, पण एकट्यानं चेंडूही पाहावा आणि माणसंही, ही अपेक्षा हा खेळ मांडणाऱ्यानंसुद्धा ठेवली नव्हती.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांच्याकडे एक दांडगट वर्ग आला होता. थंडीमुळे बाहेरचे खेळ बंद, आणि अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याची, सवय झालेली ही मुलं व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर एकमेकांना पाडू लागली तर हाडं मोडणार. नेस्मिथ यांनी विचार केला तो असा: चेंडू घेऊन कुणी पळतो, म्हणून त्याला आडवं पाडावं लागतं. पळूच दिलं नाही, तर पाडायचं कारण उरत नाही. टोपलीही डोक्याच्या वर टांगली, म्हणजे चेंडू जोरानं हाणून उपयोग नाही, अलगद टाकावा लागतो. दांडगाई टाळण्यासाठीच हा खेळ जन्मला. तरी नेस्मिथ यांच्याच आठवणीप्रमाणे पहिल्या सामन्यात काहींचे डोळे सुजले, एकाचा खांदा निखळला, एक बेशुद्ध पडला.

१५ जानेवारी १८९२ रोजी त्यांचे १३ नियम छापून आले. खांद्यानं रेटणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं हे सगळं फाऊल. दुसऱ्या फाऊलला खेळाडू बाहेर, पुढचा गोल होईपर्यंत. इजा करायचा हेतू दिसला तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर, आणि बदली खेळाडू मिळणार नाही. एका संघाचे ओळीनं तीन फाऊल झाले की समोरच्यांना एक गोल फुकट. आज पाच फाऊल झाल्यावर खेळाडू बाहेर जातो, ते त्यामानानं फारच उदार म्हणायचं.

पण त्या नियमांतली खरी मेख शिक्षेत नव्हती. पंच दोन होते आणि त्यांची कामं वेगळी वाटलेली होती. एकानं माणसांवर लक्ष ठेवायचं आणि फाऊल मोजायचे; दुसऱ्यानं चेंडू, गोल आणि वेळ सांभाळायची. चेंडू जिथं नाही तिथंही कुणाची तरी नजर असली पाहिजे, हे पहिल्याच हिवाळ्यात ठरलं होतं.

त्यापुढचा धडा महागात पडला. ९ डिसेंबर १९७७ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सामन्यात चेंडू पुढं निघून गेल्यावर मागं दोघांची झटापट झाली. ती पाहून धावत आलेल्या रूडी टॉमजानोविच यांच्या तोंडावर कर्मिट वॉशिंग्टन यांनी ठोसा हाणला. चेहऱ्याची हाडं मोडली, टॉमजानोविच यांचा उरलेला हंगाम गेला. पुढच्या हंगामात एनबीएनं तिसरा पंच आणला, खर्चापायी वर्षभरात काढला आणि १९८८-८९ पासून कायमचा ठेवला. पैसे वाचवायला पंच कमी करणं ही काही फक्त आपल्याकडचीच खोड नाही.

आपल्याकडे मात्र त्यात एक गंमत आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, आणि त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्या कबड्डीचे सामने आपण गावोगाव रीतसर भरवतो: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक. बास्केटबॉलला मात्र बऱ्याचदा एक शिट्टी आणि गुण लिहायला बसवलेला नववीतला पोरगा. शिवाय मैदानात उतरणारी निम्मी पोरं कबड्डीच्या अंगाची. समोरचा जवळ आला की हात आपोआप कमरेला जातो. तिथं ती पकड, इथं फाऊल. त्यात राग नसतो, सवय असते. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत अशी प्रत्येक पकड शिट्टीनं तोडली की पोरं लवकर उमजतात. अर्धी मॅच सोडून दिली आणि मग एकदम कडक झाले, तर तो अन्यायच वाटतो, आणि फक्कीच्या रेघेला चिकटून उभं असलेलं गाव ते बोलूनही दाखवतं.

दुसरा पंच मिळवणं अवघड नसतं. ज्या शाळेची मॅच त्या वेळी नाही, तिथल्या सरांच्या हाती शिट्टी द्यायची. एक सर बास्केटच्या बोर्डाखाली, दुसरे मध्यरेषेकडून मागं. चेंडू एकाच्या बाजूला असला की दुसऱ्यानं तिकडं पाहायचंच नाही, बाकीच्यांचे हात पाहायचे.

गुण आणि फाऊल लिहिणाऱ्या टेबलाचंही तसंच. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चौथ्या हिश्श्यात, संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टोपलीत चेंडू टाकायच्या दोन संधी, मिळतात, आणि ही भीती बाकावरच्या कोचलाच पोरांना आवरायला लावते. पण ते फाऊल कुणी लिहिलेच नसतील, तर ही भीती घालायची कुणाला?