साउथॅम्प्टनची तटबंदी

साउथॅम्प्टन या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदराभोवती तेराव्या ते पंधराव्या शतकांत उभारलेला दगडी तट. पूर्ण अवस्थेत त्याची लांबी सुमारे 2 किमी. होती. त्याला 29 बुरूज आणि 8 वेशी होत्या. त्यातला निम्म्याच्या आसपास तट, 13 बुरूज आणि 6 वेशी आज उभ्या आहेत. बंदर बाराव्या शतकापासून फ्रान्सच्या दारूवर आणि इंग्लंडच्या लोकरीवर पोसले गेले. त्यामुळे या तटाचा इतिहास एका जुन्या पेचातून घडला: माल आत यायला किनारा मोकळा हवा आणि शत्रू आत येऊ नये म्हणून तोच किनारा बंद हवा.

सुरुवातीला या पेचाचा निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने लागला. गावाच्या उत्तरेला आणि पूर्वेला, म्हणजे जमिनीकडून, आधी मातीचा बांध व खंदक होता. 1260 पासून राजाच्या परवानगीने येणाऱ्या मालावर तटासाठी खास जकात बसू लागली आणि त्या पैशातून दगडी काम सुरू झाले. पश्चिमेची व दक्षिणेची पाण्याकडील बाजू मात्र बरीचशी उघडीच राहिली. तिथे सधन व्यापाऱ्यांची दगडी घरे धक्क्याला लागून होती. खाली वखार, वर राहणे, आणि दारातच गलबत. अशा माणसांना दारापुढे भिंत नको होती, यात नवल नाही.

ऑक्टोबर 1338 मध्ये त्याची किंमत चुकवावी लागली. इंग्लंड आणि फ्रान्समधले शतवार्षिक युद्ध नुकतेच पेटले होते. फ्रेंच आणि त्यांच्या पदरच्या इटलीतील जेनोआच्या आरमाराने एका रविवारी सकाळी गाव गाठले. लोक तेव्हा चर्चमध्ये प्रार्थनेला बसले होते, असे सांगतात. हल्लेखोर रात्रभर गावात राहिले. घरे जाळली आणि राजाच्या मालकीची लोकर व दारूही लुटून नेली. ही शेवटची गोष्ट राजा तिसऱ्या एडवर्डला विशेष झोंबली असावी. त्याने गावाचा कारभार काही काळ स्वतःच्या ताब्यात घेतला आणि समुद्राची बाजू बंद करण्याचे फर्मान काढले. पण गाव कंगाल झाले होते, त्यात दहा वर्षांनी प्लेग आला. पश्चिमेचा तट पुरा व्हायला चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

तो ज्या रीतीने पुरा झाला, त्यातच या तटाचे वेगळेपण आहे. नवी भिंत उभारायला पैसा नव्हता, म्हणून समुद्राकडे तोंड असलेल्या घरांच्या भिंतीच तट ठरल्या. दारे-खिडक्या दगडांनी बुजवल्या आणि बाहेरून उंच कमानींची एक रांग चढवली. ‘आर्केड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात 19 कमानी आहेत. इंग्लंडमध्ये असे काम दुसरीकडे नाही. कमानीचा वरचा भाग घराच्या भिंतीपासून थोडा पुढे आहे आणि मधल्या फटीतून खाली जमलेल्या शत्रूवर दगड टाकता येत. त्या कमानींवरून फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांची वाट, गेलेली आहे. आजही कमानीत उभे राहून पाहिले की बुजवलेल्या दरवाजाची चौकट स्पष्ट दिसते. एका घराच्या भिंतीत तर तोफेसाठी ठेवलेली भोके आहेत: वर उभी फट, खाली गोल छिद्र, कुलपाच्या भोकासारखी. या प्रकारच्या जंग्यांपैकी ही ब्रिटनमधली अगदी आरंभीची गणली जातात. या घराला ‘किंग जॉनचा राजवाडा’ म्हणतात. त्याचा त्या राजाशी काही संबंध नाही. घर होते एका व्यापाऱ्याचे.

तोफांचे युग पुढे आग्नेय कोपऱ्यावरच्या ‘गॉड्स हाऊस टॉवर’मध्ये नीट दिसते. सुमारे 1417 चा हा बुरूज मुळातच तोफांसाठी बांधला गेला. खंदकावर आडवा बसवल्यामुळे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारी दारेही त्याच्याच ताब्यात होती. पुढे तो गावचा तुरुंग झाला, नंतर पुराणवस्तूंचे संग्रहालय, आणि आता तिथे कलादालन आहे.

बांधलेला तट राखायचा कोणी, हा प्रश्न उरलाच. त्यावरचे उत्तर 1454 च्या एका नोंदवहीत आहे. गावातील प्रत्येक मिळकत आणि तिच्या धन्याने सांभाळायचा तटाचा तुकडा तीत लिहून ठेवला आहे. व्यवस्थेपुरती बनवलेली ही वही मध्ययुगीन साउथॅम्प्टनच्या गल्ल्या ओळखायला अभ्यासकांना आज तटापेक्षाही जास्त उपयोगी पडते.

वेशींमध्ये उत्तरेची बारगेट मानाची. तिची मूळ कमान सुमारे 1180 ची, दोन्ही बाजूंचे गोल बुरूज तेराव्या शतकाच्या अखेरचे, आणि पुढे आलेला दर्शनी भाग त्यानंतरचा. वरच्या दालनात नगरसभा भरे. गावच्या दंतकथेतील वीर बेव्हिस व त्याचा राक्षस साथीदार अॅस्कुपार्ट यांची चित्रे शतकानुशतके या वेशीवर होती. गावाकडच्या बाजूला राजा तिसऱ्या जॉर्जचा रोमन वेशातला पुतळा उभा आहे. वायव्येचा अरुंडेल बुरूज बेव्हिसच्या घोड्याच्या नावाचा, असे लोक सांगत. खरे नाव चौदाव्या शतकातील किल्लेदार सर जॉन अरुंडेल याचे. पश्चिमेच्या वेस्ट गेटमध्ये वरून सोडायच्या लोखंडी जाळीच्या खाचा अजून दिसतात. 1415 मध्ये राजा पाचव्या हेन्रीचे सैन्य फ्रान्समधील आजिंकूरच्या मोहिमेसाठी याच वेशीतून जहाजांवर चढले.

युद्धाची भीती सरल्यावर तटाला घरे टेकली, बागा लागल्या. कादंबरीकार जेन ऑस्टेन 1807 ते 1809 या काळात कासल स्क्वेअरमध्ये राहत असताना तिच्या बागेची एक हद्द हा तटच होता. विसाव्या शतकात शत्रू बदलला: रहदारी. दुमजली ट्राम बारगेटच्या कमानीतूनच जात असल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या उतारूंना मधोमध पाठीला पाठ लावून बसवत, म्हणजे डोकी कमानीला लागत नसत. 1923 मध्ये तर छतही कमानीच्या आकाराचे गोलसर करून ट्राम बनवल्या गेल्या. अखेर 1930 च्या दशकात वेशीच्या दोन्ही बाजूंचा तट पाडून रस्ते काढले, आणि बारगेट वाहनांच्या मधोमध एकटी उरली. नोव्हेंबर 1940 च्या जर्मन बाँबहल्ल्यांत तिच्या दक्षिणेची हाय स्ट्रीट उद्ध्वस्त झाली, वेस वाचली.

1930 च्या सुमारास पश्चिमेला भराव घालून नव्या गोद्या बांधल्या गेल्या. त्यामुळे ज्या कमानींच्या पायाशी भरतीचे पाणी येत असे, तिथून समुद्र आता दिसतही नाही. समोर रस्ता आहे.