पांढरीतून निघालेलं संग्रहालय: तेरची पार्श्वभूमी

सोलापूर-धुळे महामार्गाने जाणारे बहुतेक जण तुळजापूरला देवीचं दर्शन घेतात, धाराशिव ओलांडतात आणि बीडच्या दिशेने सुटतात. धाराशिवच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे आणि तिथे राज्य शासनाचं एक वस्तुसंग्रहालय आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. वारकऱ्यांना तेर ठाऊक असतं ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. संतांची मडकी थापटण्याने तपासून नामदेवांना ‘कच्चं’ ठरवणाऱ्या त्या कुंभाराची समाधी इथेच आहे. योगायोग असा की संग्रहालयात जे मांडलंय, त्यातही मोठा वाटा भाजलेल्या मातीचाच.

संग्रहालयाला रामलिंगअप्पा लामतुरे यांचं नाव आहे. नाव देणगीदाराचं किंवा मंत्र्याचं नाही, ज्याने वस्तू गोळा केल्या त्याचंच आहे. लामतुरे गावचेच, पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हेत. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. आत मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, सातवाहनांची नाणी आहेत, केओलिन म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या साच्यातल्या मूर्ती आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही आहे; तिच्याकडे नंतर येतो.

एवढं सगळं एका खेड्यात आलं कुठून? त्याचं उत्तर ‘पांढरी’ या शब्दात आहे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात: शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरं पडत गेली, चुलींची राख साचत गेली, मातीच्या भिंती विरघळत गेल्या की वस्तीची जागा उंचावते आणि तिची माती पांढुरकी, भुसभुशीत होते. ही माती शेताला चांगली आणि धाब्याच्या घरावर घालायलाही चांगली. त्यामुळे मराठवाड्यातली जुनी टेकाडं गाड्या भरभरून खणली गेली. तेरची पांढरी तर अफाट. पावसाळ्यात टेकाडाच्या कडा ढासळल्या की मणी आणि खापरं उघडी पडत. ज्यांच्या नजरेला ती पडत त्यांना त्यांचं मोल नसे. लामतुऱ्यांना होतं, आणि ते एकट्यालाच पुष्कळ काळ होतं.

इथे एक खंत नोंदवायला हवी. खणून काढलेली वस्तू कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी काय होतं, यावरून तिचं वय ठरतं. पांढरीतून वेचलेल्या मण्याला थर नसतो. त्यामुळे असा संग्रह देखणा असला तरी तारखेच्या बाबतीत मुका असतो. पण पर्याय काय होता? वस्तू शेतात पसरल्या असत्या, नाहीतर दलालामार्फत परदेशी गेल्या असत्या. मुका साक्षीदार हरवलेल्यापेक्षा बरा, असं मला वाटतं. शिवाय पुढे त्याला बोलतं करता आलं: 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं, त्यानंतर साठ-सत्तरच्या दशकांतही खोदकामं झाली. थरांतून निघालेल्या वस्तूंशी ताडून पाहिल्यावर वेचलेल्या वस्तूंनाही काळ सांगता आला. संग्रहातल्या पुष्कळ वस्तू सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या.

त्या काळी तेर खेडं नव्हतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची टिपणवही लिहिली. त्यात तो सांगतो, की भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या लांबच लांब मुलखातून भडोचला उतरतो. पैठणहून मौल्यवान दगड येतात. तगरहून पुष्कळ जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे तगर म्हणजेच आजचं तेर.

आता नकाशा घ्या. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे 150. वीस दिवस आणि दहा दिवस, म्हणजे रोजचे पंधरा ते अठरा किलोमीटर. भरल्या बैलगाडीची चाल साधारण हीच. फक्त दिशेत थोडा घोटाळा आहे. तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. भडोचला बसून मराठवाड्यातल्या वाटा ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला एवढी चूक माफ.

पण तगर म्हणजेच तेर, हे समजायला शतकाहून अधिक काळ लागला. ठाण्यात 1787 मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला आणि त्यात तगराचं नाव निघालं. लगेच 1788 मध्ये विल्फर्ड नावाच्या अभ्यासकाने लेख लिहून तगर म्हणजे देवगिरी-दौलताबाद असं सांगितलं. भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचा अंदाज बांधला. मोठमोठी माणसं, आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या गावावर. अखेर 1901 मध्ये शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तेरचं नाव पुढे केलं. पाठोपाठ हेन्री कझिन्सने तिथले अवशेष पाहून ते भारतीय पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात छापले. तेर तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि इंग्रजी नोंदींत ‘थैर’ असं लिहिलं जाई. नकाशात असा वेष पालटून बसलेलं गाव कुणाला चटकन सापडावं?

खरं तर नावाची वाट मराठी माणसाला ओळखीची आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. नगरचं नयर होतं, नयरचं नेर. अमळनेर, संगमनेर, पिंपळनेर ही गावं त्याची साक्ष देतात. त्याच चालीने तगरचं तयर आणि तयरचं तेर. पुराव्याला चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा 612 चा ताम्रपटही होता. त्यातलं दान मिळालेला ब्राह्मण तगरचा रहिवासी होता. म्हणजे भडोचमार्गे रोमशी चालणारा व्यापार ओसरल्यावरही हे गाव ताम्रपटात लिहिण्याजोगं राहिलं होतं.

गंमत शिलाहारांची. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, श्रेष्ठ नगर जे तगर त्याचे स्वामी. तेव्हा ते तगरपासून शेकडो किलोमीटर दूर होते. मूळ गावाचं नाव बिरुदात बांधून नेलं होतं एवढंच. राष्ट्रकूटांचीही तीच तऱ्हा: ते ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लातूरचे. तेर आणि लातूर यांच्यात जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर. दख्खनवर राज्य केलेल्या दोन घराण्यांनी एवढ्याशा टापूतलं मूळ मिरवावं, यावरून त्या काळी या भागाचा दबदबा किती होता ते कळतं. आज दुष्काळाच्या बातम्यांखेरीज या जिल्ह्यांची आठवण कुणाला येते?

ज्या कापडासाठी तगरचं नाव ग्रीक वहीत गेलं, ते संग्रहालयात शोधू नका. कापड एवढी वर्षं मातीत टिकत नाही. टिकलं ते त्याच्या बदल्यात आलेल्या जगाचं अनुकरण. रोमन नाण्यावरून ठसा घेऊन केलेली मातीची पदकं इथे सापडली. वर टोचलेलं भोक पाहिलं की ती गळ्यात घालत असावेत हे उमगतं. खऱ्या सोन्याचं नाणं ज्याला परवडत नव्हतं, त्याने मातीत हौस भागवली, असा माझा तर्क.

आणि ती हस्तिदंती बाई. इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे मूर्ती त्याआधीची, यात शंका नाही. ती घडली कुठे याचा शोध घेताना अभ्यासकांना तिच्या जवळच्या बहिणी दख्खनमध्ये दिसल्या: एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, दुसरी तेरला. पाँपेईची मूर्ती नेमकी कुठल्या कारागिराची, यावर अजून एकमत नाही. पण तिच्यासारखी एक पाहायला नेपल्सच्या संग्रहालयात जायची गरज नाही, तेरच्या काचेच्या कपाटापुढे उभं राहिलं तरी पुरे.

तेरला गेलात तर संग्रहालयातून थेट गाडीत बसू नका. त्रिविक्रमाचं देऊळ बघा. विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर नळीसारखं छप्पर. हे मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावं, असं कझिन्सला वाटलं; काही अभ्यासकांना ते पहिल्यापासून देऊळच वाटतं. असा आकार उभ्या बांधकामात फार थोड्या ठिकाणी उरलाय. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वर हे दुसरं उदाहरण. आत त्रिविक्रमाची पूजा चालू आहे, त्यामुळे चपला बाहेर काढा.