बीएमएक्सला मोटर: ही भानगड सुरू कुठून झाली

बीएमएक्सला, म्हणजे मातीत उड्या मारायच्या त्या 20 इंची चाकांच्या छोट्या सायकलला, छोटी मोटर बसवायची म्हटलं की घरचे म्हणतात हे काय नवीन खूळ, पण खूळ जुनंच आहे आणि गंमत म्हणजे ही सायकल जन्मालाच आली मोटरसायकलची नक्कल म्हणून. 1970 च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकलींच्या, रेस बघायची, स्वतःची गाडी कुठून आणणार, मग श्विन कंपनीची 20 इंची चाकांची स्टिंग-रे सायकल घेऊन मातीत उड्या मारायला लागली. हेल्मेट, नंबरप्लेट, उंच हँडल सगळं मोटोक्रॉसचं, इंजिन तेवढं नाही. म्हणजे आपण मोटर लावतो ते राहिलेलं काम पुरं करणंच झालं.

सायकलला इंजिन जोडणं तर त्याच्याही कितीतरी आधीचं, आणि भांडण कायम एकच, बसवायचं कुठे? पॅरिसच्या वर्नर बंधूंनी 1890 च्या दशकाच्या शेवटी ते पुढच्या चाकावर बसवलं, सगळं वजन वर आणि पुढे, ओल्या रस्त्यावर गाडी सटकायची, शेवटी 1901 च्या सुमारास इंजिन खाली पॅडलपाशी आणलं.

मला सगळ्यात आवडतो तो 1946 चा जपानमधला जुगाड. युद्ध संपलेलं, पेट्रोल मिळेना, आणि सैन्याच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं पडून होती, ती हामामात्सुत सोइचिरो होंडांनी उचलली आणि सायकलला बसवली. पहिल्या सायकलला टाकी म्हणून चक्क अंग शेकायची गरम पाण्याची बाटली! इंजिनं संपली तशी 1947 मध्ये स्वतःचं बनवलं, आणि होंडा कंपनी उभी राहिली ती यातूनच. तिकडे फ्रान्समध्ये 1946 लाच वेलोसोलेक्स नावाची इंजिनवाली सायकल बाजारात आली, तिच्यात चेन नाही काही नाही, इंजिनाचा रोलर थेट पुढच्या टायरला घासून चाक फिरवतो, पावसात घसरतो हे खरं, पण फिटिंग एकदम सोपं.

आपल्याकडे 1972 ला पुण्याच्या कायनेटिकने लुना मोपेड आणली, 50 सीसी आणि पॅडल, पेट्रोल संपलं की मारा पॅडल घरापर्यंत.

आता बीएमएक्सचं दुखणं असं की फ्रेमच्या त्रिकोणात जागाच नाही. सायकलला बसवायच्या पेट्रोल इंजिनाचं चायनीज टू-स्ट्रोक किट येतं ते 26 इंची सायकलचा अंदाज धरून, मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) 36 आऱ्यांच्या चाकाला 9 बोल्टने बसतो, ते बीएमएक्सलाही जमतं, पण इंजिन आणि टाकी कोंबायची कुठे? म्हणून मग कोणी ग्रासकटरचं इंजिन मागच्या चाकावर रोलरने लावतं, वेलोसोलेक्सचीच आयडिया, आणि आता बहुतेक जण बॅटरीवरची 24 व्होल्ट 250 वॉटची डीसी मोटर मागच्या चाकाजवळ क्लॅम्पने बसवून चेन टाकतात. चाक लहान म्हणून त्याच आरपीएमला स्पीड 26 इंचीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी, पण चढाला ओढ मस्त.

250 वॉटच्या पुढे न जाण्याचा आग्रह का, तर आपल्या नियमात त्याहून कमी पॉवर आणि ताशी 25 किमीपर्यंतचा वेग असेल तर काही अटींवर बॅटरीची गाडी मोटर वाहनात धरत नाहीत, पेट्रोलला ती मर्यादा 25 सीसी. किटवाली इंजिनं याच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी असतात, म्हणजे पोलिसाने धरलं तर बोलायला तोंड नाही. आणि बऱ्याच बीएमएक्सला ब्रेक एकच असतो, तोही मागे, तेव्हा मोटरच्या आधी पुढचा ब्रेक बसवून घ्या.