बिगुल आणि ट्रंपेट एकच नाही बरं का

शाळेच्या बँडसाठी पोरांची निवड सुरू झाली की पोरगं घरी येऊन सांगतं "मला बिगुल मिळाला" आणि इकडे घरचे मोबाईलवर ट्रंपेटच्या किमती बघायला लागतात, कारण दोन्ही पितळी, दोन्ही पुढं पसरट, दोन्ही तोंडानंच फुंकायचे. पैसे घालायच्या आधी एकच बघा, वर तीन बटणं आहेत का? असली तर ट्रंपेट, नसली तर बिगुल.

आता तीन बटणांनी एवढं काय होतं? तर बिगुल म्हणजे वेटोळी घातलेली एकच नळी. लांबी ठरलेली, म्हणून स्वरही ठरलेले. ओठ जरा आवळले की आवाज वरच्या स्वरावर उडी मारतो, पण ही उडी आपल्याला पाहिजे तिथं पडत नाही, खालचा सा, मग प, मग वरचा सा, ग, प, रोजच्या वापरात एवढंच. लष्करातले कॉल, म्हणजे बिगुलवर वाजवायचे इशारे, एवढ्यावरच चालतात. पण जन गण मन वाजवून बघा की, सुरुवातच सा रे ग ग अशी आहे, म्हणजे 'जन'मधल्या 'न'लाच गाडी अडली, रे आणणार कुठून? म्हणून १५ ऑगस्टला बिगुलवाली पोरं सलामी देतात, संचलनात ड्रमबरोबर त्याच चार-पाच स्वरांची धून वाजवतात आणि राष्ट्रगीत आपण सगळे तोंडानं म्हणतो. यात पोराची काही चूक नसते, उगाच "गाणं वाजवून दाखव" म्हणून पाहुण्यांपुढं उभं करू नका.

ट्रंपेटमध्ये बटण दाबलं की हवा जादाच्या नळीतून वळसा घालून जाते, नळी लांबली की स्वर उतरला. पहिलं बटण एक स्वर उतरवतं, मधलं अर्धा, तिसरं दीड. खालच्या सा पासून धरलं तर रे ला पहिलं आणि तिसरं, ग ला पहिलं आणि दुसरं, म ला नुसतं पहिलं, प ला काहीच नाही. या बटणांचं पेटंट १८१८ चं, प्रशियातलं, त्याच्या आधी साधा ट्रंपेटही बिगुलसारखाच मोजक्या स्वरांत अडकलेला. वरातीत हलगीच्या आवाजावर चढून सिनेमाची गाणी वाजवतो तो ट्रंपेटच. त्याची नळी बरीचशी सरळ एकाच जाडीची असते म्हणून आवाज धारदार, बिगुलची हळूहळू रुंद होत जाते म्हणून जरा गोल.

माझं विचाराल तर शाळेनं बिगुल दिलाय तर बिगुलच वाजवू द्या. एकही बटण न दाबता ट्रंपेट फुंकला तर बिगुलवालेच स्वर निघतात, म्हणजे अवघड काम, ओठांचं, ते बिगुलवरच होऊन जातं, पुढं राहतात फक्त बोटं. सुरुवातीला नुसता फर्रर्र आवाज येईल, येऊ दे. गाल फुगवायचे नाहीत, ओठांच्या कडा घट्ट आणि मधून हवा, आणि वरचा स्वर लागेना म्हणून वाद्य तोंडावर दाबायचं तर अजिबात नाही, ओठ सुजतात आणि सवय लागली की सुटत नाही. दहा-पंधरा मिनिटं वाजवलं की थांबायचं. पुढचे दात पडायच्या वयात असेल तर त्याला तेवढं वर्ष ड्रमवर टाका, काय बिघडत नाही. आणि शाळेचा बिगुल दहा जणांच्या तोंडाला लागलेला असतो, माउथपीस धुतल्याशिवाय लावू देऊ नका.

गाण्याचीच हौस असेल तर मग ट्रंपेट, पण जुना घेताना तिन्ही बटणं एकेक दाबून बघा, टचकन वर आलं पाहिजे, रेंगाळलं तर तेल घालून परत बघा आणि तरी अडकलं तर सोडून द्या. माउथपीस आत रुतून बसलेला असला तर घरी पक्कड लावू नका, नळी पिरगळते, एखाद्या जुन्या बँडवाल्याकडं न्या, तो नीट काढून देतो.