टेक्सासमधली 'टीचर इन्सेंटिव्ह अलॉटमेंट': शिक्षकांची पात्रता, कागदपत्रं आणि डिस्ट्रिक्टचा अर्ज

डॅलस, फ्रिस्को, ह्यूस्टनच्या सरकारी शाळांत शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी: 'टीचर इन्सेंटिव्ह अलॉटमेंट' या योजनेत चांगलं शिकवणाऱ्या शिक्षकांमागे राज्य जादा पैसे देतं, पण त्यासाठी शिक्षकाने स्वतः अर्ज करायचा नसतो. अर्ज स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था करते; चार्टर शाळाही (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) करू शकतात. शिक्षकाचं नाव डिस्ट्रिक्टकडूनच पुढे जातं. त्यामुळे तुमच्या डिस्ट्रिक्टने योजना कशी आखली आहे, हे ठाऊक नसेल तर उत्तम शिकवूनही हाती काही लागणार नाही.

2019 साली टेक्सासच्या हाऊस बिल 3 या कायद्यातून ही योजना आली. महाराष्ट्रात 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी मिळते, म्हणजे तिथे सेवेच्या वर्षांना महत्त्व. इथे सेवा किती झाली हे विचारत नाहीत. वर्गातलं शिकवणं आणि मुलांची प्रगती या दोनच गोष्टी अनिवार्य आहेत. सुरुवातीला रेकग्नाइज्ड, एक्झेम्प्लरी आणि मास्टर असे तीन दर्जे होते. 2025 च्या हाऊस बिल 2 ने खालच्या बाजूला ॲक्नॉलेज्ड हा चौथा दर्जा जोडला आणि रकमाही वाढवल्या. आता एका शिक्षकामागे डिस्ट्रिक्टला वर्षाला ॲक्नॉलेज्डसाठी 3,000 ते 9,000 डॉलर, रेकग्नाइज्डसाठी 5,000 ते 15,000, एक्झेम्प्लरीसाठी 9,000 ते 25,000 आणि मास्टरसाठी 12,000 ते 36,000 डॉलर मिळतात. शाळेत गरीब घरची मुलं किती आणि शाळा ग्रामीण भागात आहे का, यावर नेमका आकडा ठरतो. अवघड शाळेत टिकून राहणाऱ्या शिक्षकाची कदर करणारी ही तरतूद मला या योजनेत सर्वांत मोलाची वाटते.

पात्रता. राज्याच्या नोंदीत तुमचा हुद्दा 'शिक्षक', म्हणजे कोड 087, असा हवा. शिक्षक-प्रमाणपत्र वैध हवं. पूर्णवेळ असाल तर त्या वर्षात किमान 90 दिवस आणि निम्मा वेळ काम करत असाल तर 180 दिवस भरायला हवेत. शिवाय तुमचा विषय आणि इयत्ता डिस्ट्रिक्टच्या योजनेत असायला हवी. चित्रकला, संगीत, पीई शिकवणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. डिस्ट्रिक्टने फक्त गणित आणि वाचन धरलं असेल तर बाकीच्यांची दारं बंद. वास्तविक पोर्टफोलिओ (मुलांच्या कामाचा संग्रह) किंवा एसएलओ (शिक्षकाने मुलांसाठी ठरवलेली शिकण्याची उद्दिष्टं) वापरून त्यांनाही सामावून घेता येतं, नियमांची आडकाठी नाही.

मोजमाप. वर्गातल्या शिकवण्याच्या निरीक्षणासाठी बहुतेक डिस्ट्रिक्ट टी-टेस या राज्याच्या शिक्षक-मूल्यमापन पद्धतीची चौकट वापरतात. त्यातले अध्यापन आणि वर्गातलं वातावरण हे दोन विभाग इथे धरले जातात. दोन्ही मिळून आठ निकष, प्रत्येकाला पाचपैकी गुण. रेकग्नाइज्डसाठी राज्य शिक्षण खात्याचं, म्हणजे टीईएचं, मानक सरासरी 3.7 चं आहे. आठपैकी पाच निकषांत 4 आणि तिनांत 3 मिळाले तर सरासरी 3.625 येते, थोडक्यात हुकतं. सहा निकषांत 4 आले तर 3.75, आणि काम होतं.

प्रगतीचं गणितही असंच काठावरचं. रेकग्नाइज्डसाठी निदान 55 टक्के मुलांनी आपापलं अपेक्षित लक्ष्य गाठायला हवं. 24 मुलांच्या वर्गात 13 जणांनी गाठलं तर 54.2 टक्के, 14 जणांनी गाठलं तर 58.3. फरक एका मुलाचा. म्हणून वर्षाच्या सुरुवातीची चाचणी मनापासून घ्या. ती कशीबशी उरकली की मुलाची खरी पातळी कळत नाही, लक्ष्य चुकीचं ठरतं आणि वर्षभराच्या मेहनतीचं माप त्या चुकीच्या पट्टीने होतं. मुलांची यादी स्वतः तपासा. मध्येच शाळा सोडलेला मुलगा तुमच्या नावावर राहिला असेल तर तेव्हाच कळवा.

कागदपत्रं. शिक्षकाने जपायची मोजकीच आहेत: प्रमाणपत्राची प्रत, निरीक्षणाचे सही झालेले अहवाल, वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे गुण, तपासलेली विद्यार्थ्यांची यादी. डिस्ट्रिक्टचं काम मोठं. कोणते विषय आणि इयत्ता घेतल्या, चाचण्या कोणत्या आणि त्या घेताना काय काळजी घेतली, निरीक्षकांमध्ये गुण देण्याची एकवाक्यता कशी आणली, शिक्षकांशी चर्चा कधी झाली आणि पैसा कसा वाटणार, हे सगळं अर्जात लिहावं लागतं.

वेळापत्रक. आराखडा तयार करायला साधारण एक वर्ष जातं. अर्ज वसंत ऋतूत, एप्रिलच्या सुमारास जातो. मंजुरी मिळाली की पुढचं शैक्षणिक वर्ष माहिती गोळा करण्याचं. त्यानंतरच्या शरद ऋतूत ती माहिती टेक्सास टेक युनिव्हर्सिटीकडे पडताळणीसाठी जाते. निरीक्षणाचे गुण आणि मुलांची प्रगती यांचा मेळ बसतो का, हे तिथे पाहतात. एखाद्या शाळेत सगळ्यांनाच 5 गुण आणि मुलं मात्र जिथल्या तिथे, असं दिसलं तर पूर्ण डिस्ट्रिक्टची मंजुरी अडकू शकते. मुख्याध्यापकाने भिडेखातर वाटलेले गुण शेवटी सहकाऱ्यांच्याच मुळावर येतात.

पैसे कोणाला? यावर गैरसमज फार. रक्कम डिस्ट्रिक्टच्या खात्यात येते. कायद्याप्रमाणे त्यातले किमान 90 टक्के दर्जाप्राप्त शिक्षक ज्या शाळेत आहे तिथल्या शिक्षकांच्या मोबदल्यावरच खर्च व्हायला हवेत. पण 90 टक्के त्या एकट्या शिक्षकाला की काही वाटा सहकाऱ्यांनाही, हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. आराखडा ठरत असताना शिक्षकांच्या बैठका होतात, तेव्हाच हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

दर्जा पाच वर्षं टिकतो, प्रमाणपत्रावर नोंदला जातो आणि शिक्षकासोबत जातो. डिस्ट्रिक्ट बदलणार असाल तर रुजू होण्याआधी नव्या ठिकाणचा खर्चाचा आराखडा वाचून घ्या. त्या वर्षीची रक्कम फेब्रुवारीअखेरच्या नोंदीत तुम्ही ज्या शाळेत असाल तिच्या हिशेबाने निघते आणि वाटप नव्या डिस्ट्रिक्टच्या नियमाने होतं.