फ्रिजच्या दाराचे रंग आणि फिनिश

फ्रिजच्या दाराचा रंग ठरतो दोन गोष्टींवर, पत्रा कसा रंगवतात आणि फ्रिज घरात कुठे ठेवतात. आवडनिवड त्याच्या नंतर येते. भारतातल्या फ्रिजांकडे बघितलं की हे लगेच लक्षात येतं.

भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ साली काढला. त्यानंतर बरीच वर्षं फ्रिज म्हणजे पांढराच, फार तर फिकट निळा नाहीतर हिरवट. पांढऱ्यामागे स्वच्छतेची कल्पना होती, डाग पडला की दिसावा आणि लगेच पुसला जावा. शिवाय तेव्हा पत्रा आधी वाकवून डबा करायचे, मग तो धुऊन त्यावर रंग मारून भट्टीत भाजायचे, म्हणजे दहा रंग ठेवायचे तर प्रत्येक वेळी रंगाचं सगळं काम थांबवून साफसफाई करत बसा, कोणाला परवडणार.

अमेरिकेत रंगांची लाट आधीच येऊन गेली होती. किचनएडने १९५५ मध्ये मिक्सर गुलाबी, पिवळ्या, हिरव्या रंगात आणले. साठचं दशक संपता संपता ॲव्होकाडो हिरवा आणि हार्वेस्ट गोल्ड नावाचा पिवळा घराघरात शिरला, पुढे बदामी आला. मग १९८७ पासून व्हायकिंग कंपनी हॉटेलच्या भटारखान्यात असते तशी दणकट स्टीलची शेगडी घरांसाठी विकायला लागली आणि नव्वदच्या दशकात स्टेनलेस स्टील हे श्रीमंत किचनचं लक्षण होऊन बसलं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. मुंबई-पुण्याच्या वन रूम किचनमध्ये किंवा चाळीत ओट्याजवळ फ्रिज मावायचाच नाही, तो बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या नाहीतर गोदरेजच्या कपाटाच्या शेजारी, वर विणलेला रुमाल, हँडलला कापडी कव्हर. आलेल्या पाहुण्याला आधी फ्रिजच दिसणार. त्यामुळे दार सजलेलं हवं ही मागणी होतीच आणि २००० नंतर मरून, वाईन रेड, जांभळे दरवाजे आले आणि त्यांच्यावर हातभर फुलं. हे शक्य झालं ते पीसीएम आणि व्हीसीएम पत्र्यामुळे. पीसीएम म्हणजे आधीच रंगवलेली पत्र्याची गुंडाळी, व्हीसीएम म्हणजे पत्र्यावर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म, आणि फुलं असतात ती या फिल्मवरची छपाई. कारखान्यात पत्रा नुसता कापायचा आणि वाकवायचा, रंगाची भट्टी लागतच नाही, डिझाईन बदलायचं तर दुसरी गुंडाळी लावा. आपल्या शिरवळ आणि रांजणगावला मोठे फ्रिजचे कारखाने आहेत, तिथल्या कामगारांना ही नावं पाठ असतात.

या फुलांच्या दारांना गावंढळ म्हणणारे लोक भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या घरात हप्त्याने फ्रिज येतो आणि समोरच्याच खोलीत उभा राहतो त्या घराने तो सुंदर हवा म्हटलं तर त्यात चुकलं काय?

आता मॉड्युलर किचन झाले, फ्रिज परत आत गेला, आणि काचेचे दरवाजे, स्टील, मॅट काळा यांचे दिवस आले. दुकानात शायनी स्टील म्हणून दाखवतात तो पुष्कळदा स्टीलसारखा दिसणारा रंगवलेला पत्राच असतो. लोक मॅग्नेट लावून बघतात, पण त्यावर विसंबू नका, कारण ३०४ ग्रेडच्या स्टीलला मॅग्नेट चिकटत नाही आणि ४३० ला चिकटतो, आणि दोन्ही खरं स्टेनलेसच. खऱ्या ब्रश फिनिशच्या अंगावर बारीक रेघा असतात, पुसताना कापड रेघांच्या दिशेनेच फिरवायचं, तारेची घासणी लावली की दार गेलंच समजा. मॅट काळ्यावर बोटांचे ठसे स्टीलपेक्षा कमी दिसतात, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आणि कणकेचे हात मात्र लांबून दिसतात, त्यामुळे जड पाणी असलेल्या भागात तो घेताना विचार करावा. पांढरा फ्रिज जुना झाला की पिवळट पडतो आणि फोडणीच्या धुराचा चिकट थर बसला तर आणखीच, तरी रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात पुसायला सोपा तोच.

सॅमसंगने २०१९ मध्ये कोरियात बीस्पोक नावाचा फ्रिज आणला, त्याच्या दाराचे पॅनल वेगवेगळ्या रंगांत मिळतात आणि नंतर बदलताही येतात. फुलांच्या दाराला ही सोय नाही, ते चेपलं आणि तोवर प्रिंट बंद झालं असेल तर मेकॅनिक मिळेल त्या रंगाचं दार आणून बसवतो.